खोली अकराची खिडकी

लोबाऊ, २१ ऑक्टोबर

प्रिय रोस्विता,

फोनवर ओरडून माझा घसा बसला आणि तुला त्यातलं 'हो' आणि 'नाही' एवढंच ऐकू गेलं, म्हणून हे पत्र. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवायला नसतं, हे मी तुला सांगायचं म्हणजे कमालच झाली. आपल्या वृद्धाश्रमातल्या किती म्हाताऱ्यांना तू त्यावरून झापलंयस, आठव.

तू निवृत्त होऊन मुलाकडे समुद्रकाठी गेलीस आणि इथे त्यांनी सगळ्या इमारतीचा कायापालट केला. भिंतींवर जाड थर चढवला. खिडक्या नव्या, तीन-तीन काचांच्या. हवा छताच्या जाळीतून येते आणि जाळीतूनच जाते. खिडकी उघडली की ऊब बाहेर जाते आणि सरकारी अनुदान बोंबलतं, म्हणून खिडक्यांची हँडलंच काढून नेलीत. हँडलच्या जागी चौकोनी भोक आहे. सकाळी खिडक्या सताड उघडून गाद्या-उशा झटकल्याशिवाय आपल्या बायकांना कॉफी गोड लागत नाही. आता सगळ्या जणी त्या भोकाकडे बघत उभ्या राहतात.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्या कारणानं. खोली नऊमधले योखमानआजोबा गेले. तू शिकवलंस तसं सगळं केलं. डोळे मिटले, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, आणि गेलेल्या माणसाचा जीव बाहेर पडायला हवा म्हणून हात खिडकीकडे गेला. हँडलच नाही. आजोबांची मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "सिस्टर, उघडा ना." मी म्हटलं, "उघडत नाही हो." ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच तिच्या बापाला कोंडून ठेवलं होतं.

तेव्हापासून नऊची बेल वाजते. खोली रिकामी आहे, पलंगावर चादरसुद्धा नाही. वायरमन आला, बघून गेला, सगळं ठीक आहे म्हणाला. आग्नेश्का आठवते ना, सीमेपलीकडून पोलंडहून रोज गाडी चालवत येते ती? ती आता छातीवर क्रूस काढल्याशिवाय त्या दारावरून जात नाही. मी तिला म्हणते, वायरिंग आहे गं. ती म्हणते, "हो, वायरिंगच. पण वायरिंगला आत जाऊन तूच विचार काय हवंय ते."

आई बरी आहे. तिला खोली अकरा मिळाली, ऊन येणारी.

तुझी,
कोर्डुला


हुसुम, ३० ऑक्टोबर

प्रिय कोर्डुला,

बिनहँडलच्या खिडक्या! ज्यानं हे डोकं लढवलं त्याला स्वतःला तिथं मरायची पाळी येऊ दे, मग कळेल.

सोबतचा डबा उघडलास की वरती रम घातलेल्या चॉकलेटच्या गोळ्या दिसतील. त्या आग्नेश्काला दे. खाली मोज्यात गुंडाळलेलं आहे ते तुझ्यासाठी. निवृत्तीच्या दिवशी लोकांना फुलं देतात. मला फुलं दिली, खोली चारचं हँडल मी स्वतःच घेतलं. तेव्हा का घेतलं ते मलाही माहीत नव्हतं. त्याचा चौकोनी दांडा या देशातल्या कुठल्याही खिडकीत बसतो, नवीत आणि जुनीत. एप्रनच्या खिशात ठेव.

आणि नीट कर. आधी माणसाचं नाव घ्यायचं. मग म्हणायचं, तुमचं इथलं झालं. मग उघडायची. खिडकीच्या आणि पलंगाच्या मध्ये उभं राहायचं नाही, वाट अडते. कपातली कॉफी गार होईस्तोवर थांबायचं आणि मग बंद करायची. उघडी राहिली तर परत येतात, आणि आलेला माणूस दुसऱ्यांदा जात नाही. हे कुठल्या नर्सिंगच्या पुस्तकात नाही, म्हणून तर तुझ्यासारख्या हुशार पोरींना सांगावं लागतं.

माझं म्हणशील तर मी इथे वाऱ्यात वाळत घातलेल्या माशासारखी झालेय. सुनेनं, आमच्या फाल्कच्या बायकोनं, मला बायकांच्या एका कॉफीमंडळात नेऊन बसवलं. सगळ्या माझ्याच वयाच्या, सगळ्यांच्या केसांना रंग. एकेक जण विचारते, "तुमचे यजमान काय करायचे?" मी थांबले, म्हटलं आता विचारतील, आता विचारतील. मी काय करायचे ते कुणी विचारलंच नाही. शेवटी मीच सांगितलं, की मी पोटासाठी मेलेल्या माणसांचे डोळे मिटायचे. त्यानंतर केक माझ्यापर्यंत आला नाही.

एक विचारते. योखमानआजोबांवर तू पानभर लिहिलंस आणि आईवर एक ओळ. तू एका ओळीत 'बरी आहे' म्हणतेस तेव्हा बरं नसतं, हे मी वीस वर्षं बघत आलेय. काय आहे?

तुझी,
रोस्विता


लोबाऊ, १६ नोव्हेंबर

प्रिय रोस्विता,

बसलं गं हँडल! घट्ट बसलं, पण फिरलं.

दुपारच्या कॉफीला सगळे खाली गेले तेव्हा मी नऊमध्ये शिरले. "योखमानआजोबा," म्हटलं, "तुमचं इथलं झालं." खिडकी उघडली. वारा बाहेरून आत येत होता, पण पडदा बाहेर गेला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. गार वाटलं आणि मग नुसतीच थंडी राहिली. बंद केली. त्यानंतर नऊची बेल वाजलेली नाही.

खाली जाताना जिन्यात आमच्या नव्या व्यवस्थापक लिंडनरबाई भेटल्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर सगळ्या खोल्यांचं तापमान दिसतं. "कोर्डुलाबाई, नऊमध्ये एकदम उतरलं." मी म्हटलं, "उतरलं असेल." त्यांनी माझ्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं. म्हणाल्या, "आमच्या आजीच्या वेळी आईनं उघडली होती," आणि निघून गेल्या. तशी वाईट नाही बाई. पश्चिम जर्मनीकडची आहे, दोन लहान पोरं, आणि पोरं पाळणाघरात ठेवून नोकरी करते म्हणून तिची स्वतःची आई तिला फोनवर कावळीण म्हणते, पिल्लं टाकून उडून जाणारी. आपल्याकडे असं कुणी कुणाला म्हटलं असतं तर गिरणीत कामाला जाणाऱ्या सगळ्या आया अंगावर आल्या असत्या.

आता आईचं. ती मला ओळखत नाही. ओळखत नाही म्हणजे माझ्यावर खूश असते, पण मला 'तुम्ही' म्हणते. "सिस्टर, तुम्ही फार छान केस विंचरता." बहुतेक ती युनिफॉर्म बघते आणि तिथेच थांबते. काल विचारलं, "तुम्हाला कुणी आहे का हो आजी?" असंच विचारलं, सगळ्यांना विचारते तसं. तर म्हणाली, "आहे ना. मुलगी आहे. कामावर आहे ती. सुटली की येईल."

मी तिची उशी ठीक केली आणि बाराकडे गेले. बारावाल्या बाईंची पट्टी बदलायची होती.

तुझी,
कोर्डुला


हुसुम, २७ नोव्हेंबर

कोर्डुला,

लगेच रजा टाक. आईबापांचं बघायला रजा मिळते, कायदा आहे, तू स्वतः किती मुलींना ते समजावून सांगितलंस. आता स्वतःला सांग. खुर्ची घे आणि तिच्याजवळ बस. तिचं अंग आग्नेश्काला पुसू दे, गोळ्या दुसरं कुणी देऊ दे. तू फक्त बस.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. माणसं कमी आहेत. माणसं कमीच असतात. मी रुजू झाले तेव्हाही कमी होती, आपला पूर्व जर्मनी देश होता तेव्हाही आणि तो देश गेला तेव्हाही. तू नसलीस तर वृद्धाश्रम कोसळेल असं तुला वाटतं, आणि ते तुला थोडं आवडतंही. मलाही आवडायचं. पण मी जाऊन आता कितीतरी महिने झाले, कोसळला का?

रोस्विता


लोबाऊ, १२ डिसेंबर

प्रिय रोस्विता,

रजा नाही. फ्लू आलाय, निम्म्या जणी आडव्या. पाळणाघरातल्या बायकाही आजारी, म्हणून पाळणाघर बंद, म्हणून आपल्या तरण्या पोरी घरी मुलं सांभाळतायत. उरलो मी आणि आग्नेश्का, म्हणजे जिचं घरी काही अडत नाही ती, आणि जी सीमेपलीकडे राहते ती. सकाळची पाळी करून दुपारचीही करते.

तुला एक सांगते, इतकी वर्षं कधी निघालं नाही. आई गिरणीत विणकाम करायची, तीन पाळ्यांत. बाप नव्हता. मला तिनं आठवडी पाळणाघरात ठेवलं होतं. सोमवारी पहाटे नेऊन द्यायचं आणि शनिवारी आणायचं. मधले दिवस आम्ही तिथेच जेवायचो, तिथेच झोपायचो. तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, आईलाही नाही, पोटाला हवं होतं. शनिवारी मी टोपी घालून खिडकीशी उभी राहायचे. आईचा ओव्हरटाइम असला की ती अंधार पडल्यावर यायची. तिथल्या बाई मला म्हणायच्या, "आई कामावर आहे. सुटली की येईल."

आता आई रोज मला तेच वाक्य ऐकवते. परवा मला हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते.

घाईत आहे. चौदाची बेल वाजतेय.

कोर्डुला


हुसुम, ८ जानेवारी

कोर्डुला,

नाताळ गेला, तुझा केक नाही, कार्ड नाही. मी रुसून बसले होते. मग गावाकडचा पेपर आला, मी अजून टपालानं मागवते, इथल्यांना हसू येतं. मृत्यूच्या पानावर तुझ्या आईचं नाव होतं. जानेवारीत मला कळलं, की ती डिसेंबरातच गेली.

तू मला कळवलं नाहीस. त्याचं मी पुढे बघेन. आधी एवढंच सांग, तू तिच्याजवळ होतीस का? आणि खिडकी उघडलीस ना?

रोस्विता


लोबाऊ, १९ जानेवारी

प्रिय रोस्विता,

नव्हते. आणि नाही.

चौदामधल्या बाईंचं भरत आलं होतं. त्यांची मुलगी दूर स्टुटगार्टला, तिला सुट्टी मिळेना. फोनवर रडून म्हणाली, "सिस्टर, तुम्ही तरी हात धरा तिचा." मी धरला. मी तो हात धरून बसले होते तेव्हा अकराची बेल वाजली. मला वाटलं, आई विचारणार, मुलगी कधी येणार. थांबेल थोडं. पुन्हा वाजली. आग्नेश्का खालच्या मजल्यावर होती. चौदाच्या बाईंनी माझी बोटं घट्ट धरली होती. तिसऱ्यांदा वाजली नाही.

दुसऱ्याच्या आईचा हात धरून बसले, आणि माझी आई तीन दारं पलीकडे एकटी गेली. चौदाच्या बाई तर त्या दिवशी गेल्याच नाहीत. अजून आहेत, सूप पितात.

मी तिचे डोळे मिटले. हँडल खिशात होतं. मी खिशात हात घालून उभी राहिले आणि तसाच हात बाहेर काढला. लिंडनरबाई दारात होत्या, त्या म्हणाल्या, "उघडा, मी कॉम्प्युटर बघणार नाही." मी म्हटलं, नंतर.

आता तिची बेल वाजते. दर दिवशी, माझी पाळी संपायच्या वेळेला. खोली रिकामी ठेवणं परवडत नाही, म्हणून तिथे वुन्शेबाई नावाच्या आल्यात, ब्याण्णव वर्षांच्या, डोकं माझ्यापेक्षा तल्लख. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "सिस्टर, खोलीत दोघी आहोत हे आधी सांगायला हवं होतं." मी विचारलं, कोण दोघी? "त्या काय, खिडकीकडच्या बाजूला पलंगाच्या कडेवर बसतात. त्रास काही नाही हो. दार उघडलं की मान वर करतात. तुम्ही आलात की परत खाली घालतात."

ऐकलंस? मी आत आले की मान खाली घालते.

तू म्हणशील, उघड खिडकी, सोडून दे तिला. नाही सोडणार. ती आहे तोवर माझी आई आहे, उघडली की मग कुणीच नाही. आणि तुझ्याशी खोटं बोलून काय करू? कधी कधी वाटतं, बसू दे वाट बघत. कळू दे तिलाही शनिवार कसा असतो ते. दोन्ही वाटतं, एकाच दिवसात.

कोर्डुला


हुसुम, २९ जानेवारी

पोरी,

तुझं पत्र वाचून मी तुला चार शिव्या मोठ्यानं दिल्या. सून धावत वर आली.

तुझ्या आईनं तुला शनिवारपर्यंत ठेवलं. पण शनिवारी ती आली. अंधार पडला तरी आली ना? तू कधी येणार आहेस?

आणखी एक. माझा नवरा हार्टमुट गेला तेव्हा खिडकी शेजारणीनं उघडली. मी ड्यूटीवर होते. यावर मी तुझ्याशी कधी बोलले नाही, पुढेही बोलणार नाही. तुला राग आला असेल तर माझ्यावर काढ, कामावर काढ, त्या बिनहँडलच्या खिडक्या लावणाऱ्यावर काढ. म्हातारीवर नको.

वुन्शेबाईंचं वय ब्याण्णव. खोली एकच आहे आणि खिडकीही एकच. त्यांची वेळ येईल तेव्हा त्यांनाही कोंडून ठेवणार का? त्या तुझ्या कोण लागतात? आणि त्यांच्यासाठी उघडलीस तर तुझी आईही जाईल, तुझ्याशी एक शब्द न बोलता. याचा विचार आत्ताच कर. तेव्हा वेळ मिळणार नाही.

रोस्विता


लोबाऊ, २३ फेब्रुवारी

प्रिय रोस्विता,

वुन्शेबाई मंगळवारी दुपारी गेल्या. जेवून, तोंड पुसून, "आता जरा पडते" म्हणाल्या आणि पडल्या त्या पडल्याच. असं मरण मागून मिळत नाही. त्यांची मुलगी केम्निट्झहून निघाली होती, रस्त्यात बर्फ होतं.

मी सगळं केलं. केस विंचरले, हात छातीवर ठेवले. हँडल काढून भोकात बसवलं. त्यांचं नाव घेतलं. आणि हात फिरेना. तू बजावलं होतंस, तरी मी काहीच ठरवलं नव्हतं, नेहमीसारखं पुढे ढकललं होतं. मागे पलंगाच्या कडेचं लाकूड वाजलं. भिंतीवरचा बेलचा दिवा लागला, दाबणारं कुणी नसताना.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आई कामावरून सुटलेल्या मुलीची वाट बघतेय. आणि मी त्या खोलीत सुटून एकदाही गेले नाही. गेले ती प्रत्येक वेळी ड्यूटीवरच. रात्री सुटले की सरळ घर गाठायचे, उद्याची पाळी आहे म्हणून.

मी खाली गेले. पाळी अर्धी राहिली होती. कार्ड पंच केलं, बाहेर. यंत्रानं लाल दिवा दाखवला, मला विचारलं खात्री आहे का, मी पुन्हा दाबलं. युनिफॉर्म काढला, माझा घरचा हिरवा स्वेटर घातला. केस सोडले. वर येऊन अकराच्या दारावर टकटक केलं. नोकरीला लागल्यापासून मी कुणाच्या दारावर उत्तरासाठी थांबले नव्हते. टकटक करायची आणि आत शिरायचं, वेळ कुठे असतो. त्या दिवशी थांबले.

मग आत गेले. "आई," म्हटलं, "सुटले मी."

वुन्शेबाई शांत पडल्या होत्या. खिडकीकडच्या बाजूला चादर जरा दबली होती. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. मग सांगत सुटले. घरची मांजर म्हातारी झाली. जिन्यातला बल्ब अजून तसाच गेलेला आहे. शनिवारी ती यायची तेव्हा तिच्या कोटाला गिरणीच्या तेलाचा वास असायचा, तो मला आवडायचा, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. रागावले होते, तेही सांगितलं.

बाहेर बेल वाजली. चारची. मग सातची. मग चौदाची, ती त्यांची लांबलचक दाबायची सवय. रोस्विता, माझे पाय आपोआप उठले. मी पलंगाचा कठडा धरला आणि परत बसले. बेल वाजत होती आणि मी बसले होते. इतकं कठीण मी काही केलं नाही आजवर.

दार उघडलं. लिंडनरबाई. "कोर्डुलाबाई, वर ड्यूटीवर कोण आहे?"

"मी नाही," मी म्हटलं. "मी आईला भेटायला आलेय."

त्यांनी वुन्शेबाईंकडे पाहिलं, मग त्या दबलेल्या चादरीकडे. मग त्यांनी जाकीट काढून दाराच्या कडीला अडकवलं, बाह्या वर केल्या आणि चौदाकडे गेल्या. नंतर आग्नेश्का म्हणाली, बेडपॅन कसं धरायचं ते त्यांना येत नाही, पण धरलं.

मग मी उठले. बाजूला उभी राहिले, वाट मोकळी ठेवून. "वुन्शेबाई, तुमचं इथलं झालं." आणि मग, "आई, तुझंही." उघडली.

माझ्या गालावरून काहीतरी गेलं. वारा म्हण हवं तर. तेलाचा वास आला, एवढं मात्र मी शपथेवर सांगेन. पडदा बाहेर गेला आणि बराच वेळ बाहेरच राहिला. तू म्हणालीस तेवढा वेळ मी थांबले, त्याहून जास्तच थांबले, कारण बंद करायला हात होईना. शेवटी थंडीनं बोटं आखडली तेव्हा बंद केली. चादर सपाट झाली होती.

मेमो मिळाला आहे, पाळी सोडली म्हणून. लिंडनरबाईंनी स्वतः लिहिला, स्वतःच आणून दिला आणि हातात दाबताना म्हणाल्या, "लिहावाच लागतो." मी सही केली.

आता अकरामध्ये नवे आजोबा आहेत. त्यांना खोलीत दुसरं कुणी दिसत नाही, मी विचारलं. पाळी संपायच्या वेळेला मी अजून त्या दाराशी थांबते. आग्नेश्का कोट घालून जिन्यात उभी असते. मी बेलच्या दिव्याकडे बघत राहते.

वाजत नाही गं.

तुझी,
कोर्डुला